शेवटच्या गाडीचा वेग

एकट्याने मोटरसायकल चालवणे ही हौस. आठ जणांनी मिळून चालवायचे ठरवले, की तिचा संसार होतो. कोण पुढे, कोण मागे, पैसे कोणाकडे आणि उशीर कोणामुळे, हे संसारातले सगळे प्रश्न मग आपोआप हजर होतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या कॉलेजातली मंडळी अलिबागहून मोटरसायकलींवर एका दिवसाच्या सहलीला निघणार आहे. आठ गाड्या, अकरा माणसे. गेला महिनाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही.

मूळ बेत परदेशाचा होता, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल. रसायनशास्त्राच्या आमच्या तरुण सहकाऱ्याचा भाऊ इंग्लंडात असतो. सुट्टीच्या दिवशी दहा-बारा मित्रांना घेऊन तो आडवाटांनी गाडीवर भटकतो आणि छायाचित्रे पाठवतो. ती पाहून आमच्या मंडळींनी वेल्सला जाण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. गणिताच्या प्राध्यापकांनी विमानभाडे, व्हिसा आणि भाड्याच्या गाड्या यांची बेरीज फळ्यावर मांडली, तेव्हा तेच वेल्स सरकत सरकत रेवदंड्याच्या पुलापर्यंत आले.

त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. एके काळी परदेशच आमच्या दारी येत असे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, तोही विकायचा घोडा बरोबर घेऊन. पुढे जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला, तो त्याला मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. वाहन अडकवण्याची परंपरा आपल्याकडे वाहतूक पोलिसांहून जुनी आहे! चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज १७४० साली गेले, पण त्यांची भाषा राहिली. मराठीच्या शेजारात मुरलेली ती बोली किल्ल्याखालच्या वस्तीत अजून बोलतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून निराळे वेल्स कशाला हवे?

तरुण मंडळींचा पहिला नकाशा मोठा होता. अलिबाग, काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास. या बेतात एकच अडचण होती. ती म्हणजे प्रयोगशाळेतले मामा.

मामा चौलचे. त्यांच्याकडे येझदी आहे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, ही बातमी मामांच्या गाडीला अजून कोणी सांगितलेली नाही. जिच्या दांड्याने किक मारायची, त्याच दांड्याने गिअर टाकायचा, आणि पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचे. मामा चाळिसाच्या वर जात नाहीत. "गाडी जाते हो सर, मी नाही जात," असे ते म्हणतात.

मामांनी बसने मुरूडला यावे आणि तिथे भेटावे, अशी सूचना एका बैठकीत आली. सूचना सभ्य शब्दांत होती, त्यामुळे ती जास्त लागली. मामा चहाचे कप घेऊन आत आले तेव्हा सगळे एकदम पावसाविषयी बोलू लागले.

मामा मे महिन्यात निवृत्त होतात. त्यानंतर ते मुलीकडे नागपूरला कायमचे जाणार आणि गाडी विकणार. हे त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते; मामींनी आमच्या घरी सांगितले आणि आमच्या घरून ते मला कळले. मी बैठकीत एवढेच सांगून खाली बसलो. माझ्या एरवीच्या भाषणांपेक्षा ते बरेच लहान होते.

मग गणिताचे प्राध्यापक पुन्हा फळ्याकडे गेले. अलिबाग ते मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर. ताशी साठने गेल्यास पन्नास मिनिटे, चाळीसने गेल्यास पंचाहत्तर. फरक पंचवीस मिनिटांचा. आणि या वळणांवर, गावागावांतून, कापलेल्या भाताचे भारे डोक्यावर घेऊन चाललेल्या बायकांमधून साठचा वेग राहतो कोणाचा? पावसाने उखडलेले खड्डेही वेगाची हजेरी घेतातच. हरिहरेश्वर मात्र मामांच्या चालीने एका दिवसात बसेना. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात खाडीकाठच्या रस्त्यावर कोणी असू नये, यावर सर्वांचे एकमत होते. म्हणून बेत मुरूडपर्यंत आखडला. जंजिरा पाहायचा, राजपुरीहून शिडाच्या होडीने, आणि दुपारी दोनला परत फिरायचे.

इंग्लंडातल्या भावाने एक युक्ती मात्र फुकट पाठवली. वाट माहीत असलेला सर्वांत पुढे, आणि एक भरवशाचा माणूस सर्वांत मागे. हे दोघे बदलायचे नाहीत. वळण आले की पुढाऱ्याच्या मागचा गडी नाक्यावर थांबतो, वाट दाखवतो आणि शेवटची गाडी दिसली की निघतो. पुढच्या वळणावर दुसरा थांबतो. कोणी चुकत नाही, आणि गाठण्यासाठी कोणाला पळावे लागत नाही. दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे. साठच्या वेगाला ते तेहेतीस मीटर भरते. मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण घालायचे. कायदा १९८८ पासून हेच सांगतो. आमच्या घरी तो लग्नापासून लागू आहे.

टाक्या आदल्या रात्री अलिबागेतच भरायच्या. मामांसाठी ऑइलची जादा बाटली गणितवाल्यांच्या पिशवीत. काशीदला मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागण्याआधी, नऊच्या आत, ते ओलांडायचे. पोहे नेण्याचा आग्रह एका वहिनींचा, आणि तो न मोडण्याचा आग्रह बाकीच्यांचा.

जाताना मामा शेवटून दुसरे राहतील. येताना सर्वांत पुढे. कारण परतीला माणसे थकतात, घर जवळ आले म्हणून वेग वाढवतात, आणि तेव्हा पुढे चाळिसाच्या वर न जाणारा माणूस असलेला बरा. शिवाय चौलपर्यंतचे प्रत्येक वळण त्यांना पाठ आहे. हे सांगितले तेव्हा मामा काही बोलले नाहीत. कपबश्या गोळा केल्या आणि दाराशी थांबून म्हणाले, "साखळी बदलून घेतो मग."

सर्वांत मागे कोण, हा प्रश्न उरला होता. ते काम कोणालाच नको असते. धूळ सगळ्यांची खायची आणि समुद्र सगळ्यांनंतर पाहायचा. बैठक संपल्यावर रसायनवाले माझ्याकडे आले. हरिहरेश्वरचा नकाशा त्यांचाच, आणि बसची सूचनाही त्यांचीच.

"सर, मामांच्या मागे मी राहतो," ते म्हणाले.

मी वहीत नाव लिहून घेतले. निघायची वेळ सकाळी साडेसहा. मामा सहालाच येऊन उभे राहतील, हे गृहीत धरून चहाही सहालाच सांगितला आहे.