पोरांना काहीही सांगितलं तरी खपतं?

दवाखान्याच्या दारात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "काही दुखणार नाही हं, डॉक्टरकाका नुसतं बघणार आहेत." तीन वर्षांचं पोर निमूट आत जातं आणि सुई टोचली की भोकाड पसरतं. तरी पुढच्या थापेलाही ते भुलतं. म्हणून मोठ्यांना वाटतं, लहान मुलांना काहीही सांगितलं तरी खपतं.

हा समज अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले विक्रम जसवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. स्टिकर एका कपाखाली लपवायचं आणि मोठ्या माणसानं दर वेळी दुसराच कप सांगायचा. तीन वर्षांची मुलं फेरीमागून फेरी फसत राहिली. तोंडानं न सांगता चुकीच्या कपावर नुसता बाण ठेवला, तेव्हा मात्र ती लवकर सावध झाली. म्हणजे बाणावर शंका घेता येते, माणसाच्या शब्दावर नाही.

ही सवलत फार काळ टिकत नाही.

मेलिसा कोनिग आणि हार्वर्डचे पॉल हॅरिस यांच्या प्रयोगांत एक व्यक्ती ओळखीच्या वस्तूंची नावं बरोबर सांगे, दुसरी चुकीची. मग अनोळखी वस्तू पुढे आली की चार वर्षांची मुलं नाव विचारायला पहिलीकडेच वळत. कॅथलीन कॉरिव्हो आणि हॅरिस यांनी २००९ मध्ये याच्याही पुढे जाऊन बालवाडीतल्या ओळखीच्या बाईच चुका करताना दाखवल्या. तीन वर्षांची मुलं बाईंनाच धरून राहिली, पाच वर्षांची सरळ परक्या बाईकडे गेली. नात्याची पुण्याई इतक्या लवकर संपते!

पालकांनी खरं लक्ष द्यावं ते तामार कुशनीर आणि कोनिग यांच्या २०१७ च्या अभ्यासाकडे. आधी चुकीचं सांगणाऱ्यावर मुलांनी पुढे भरवसा ठेवला नाही. पण आधी "मला माहीत नाही" म्हणणाऱ्यानं नंतर काही ठामपणे सांगितलं, तर ते त्यांनी मानलं.

आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. "पाल भिंतीवरून पडत का नाही?" असं विचारलं की कुणीतरी "तिच्या पायाला डिंक असतो" म्हणून ठोकून देतं, नाहीतर "आगाऊपणा पुरे" म्हणून गप्प बसवतं. माहीत नाही म्हटलं तर मान जाईल, ही भीती. खरं तर पालीच्या बोटांवर लाखो सूक्ष्म केस असतात, डिंक नसतो. हे आईबाबांना ठाऊक नसलं तर काही बिघडत नाही. "माहीत नाही रे, रात्री ट्यूबलाइटजवळ आली की नीट बघू, मग शोधू," एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.