गावाचे मत आणि पक्षांचा हिशेब

ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे निकाल लागले, की दुसऱ्याच दिवशी मुंबईत एक गमतीदार अंकगणित सुरू होते. प्रत्येक पक्ष आपल्याकडे आलेल्या ग्रामपंचायतींचा आकडा जाहीर करतो आणि या सर्व आकड्यांची बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींपेक्षा अधिक भरते. वास्तविक या निवडणुका पक्षचिन्हावर लढविल्याच जात नाहीत. कपबशी, शिट्टी, छत्री अशी चिन्हे घेऊन उभ्या राहिलेल्या पॅनेलला निकालानंतर पक्षाचा रंग चढविला जातो, इतकेच.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा त्याचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. त्याआधी २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत तेच प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. ही तफावत पाहून शहरातील विचारवंत 'भावकीचे राजकारण' असा शेरा मारून मोकळे होतात. भावकी आहे, जात आहे, निवडणुकीच्या आदल्या रात्रीचे जेवणही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दीड-दोनशे घरांच्या प्रभागात आपल्या एका मताने निकाल फिरू शकतो, आणि निवडून आलेला माणूस उद्या पाराजवळ गाठून जाब विचारण्याइतका जवळ असतो, ही जाणीव मतदाराला केंद्रापर्यंत आणते, हे का विसरावे?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोद्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील या लहानशा गावाने भास्करराव पेरे पाटील यांच्या नेतृत्वाखाली राज्यभर नाव मिळविले. वेळेवर कर भरणाऱ्यास मोफत दळण आणि गरम पाणी, या योजनांची वर्णने ऐकण्यास दूरदूरची माणसे तेथे जात. त्याच गावात २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटील यांच्या कन्येचा पराभव झाला. 'गाव कृतघ्न निघाले', अशी हळहळ तेव्हा महाराष्ट्रभर व्यक्त झाली.

ही हळहळ समजण्यासारखी असली, तरी ती लोकशाहीची नव्हे. चांगल्या कारभाराबद्दल गाव कृतज्ञ असावे; पण मत हे कृतज्ञतेची पावती नाही आणि वारसाहक्काची वस्तूही नाही. पाटोद्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे पाटोदेकर जाणोत. तो त्यांनी मतपेटीतून दिला, हेच महत्त्वाचे. ज्या गावाला कर भरण्याची आणि हिशेब मागण्याची सवय लागली, ते गाव आपल्या नेत्यालाही नकार देऊ शकते.

गावाचा कल एका पक्षाच्या खुंटीला बांधलेला नसतो, हे लोकसभेतही दिसले. २०१९ मध्ये औरंगाबाद मतदारसंघात अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८३ हजारांवर मते घेतली, आणि इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरे यांचा अवघ्या ४,४९२ मतांनी पराभव केला. एकाच जिल्ह्यातील कन्नड, गंगापूर, वैजापूर या मतदारसंघाला, तर सिल्लोड, फुलंब्री, पैठण जालन्याला जोडलेले. तेव्हा 'ग्रामीण मराठवाड्याचा कौल' असे एक सरसकट वाक्य लिहिणाऱ्याने थोडे थांबलेले बरे.

खरी चिंता वेगळीच आहे. गावाचे मत चुकते याची नव्हे. ते मागितलेच जात नाही याची. निवडणूक बिनविरोध करा आणि निधी घ्या, असे आमिष दाखविण्याची प्रथा रूढ होऊ लागली आहे. एकोपा कोणाला नको? पण असा एकोपा बहुधा चार मोठ्या वाड्यांत ठरतो. वस्तीवरील शेतमजुराला आणि ऊसतोडीहून परतलेल्या बाईला त्यात विचारले जात नाही. या मार्गाचे शेवटचे टोक २०२१ मध्येच दिसले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या.

सरकारचे वर्तनही यापेक्षा फारसे उजवे नव्हते. मार्च २०२२ मध्ये या जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी गावकऱ्याने कोणाकडे जावे? ज्याला त्याने निवडले नाही, त्याला तो पाडणार तरी कसा?

म्हणून मतदान वाढविण्यासाठी फेऱ्या आणि घोषणा यांपेक्षा दोन साध्या गोष्टी कराव्यात. निवडणुका मुदतीत घ्याव्यात, आणि बिनविरोधासाठी सार्वजनिक पैशाचे बक्षीस बंद करावे. गावकऱ्यांनीही आपल्या मताची मुदत एका दिवसाची मानू नये. ७९ टक्के मतदान करणाऱ्या गावाच्या ग्रामसभेत गणसंख्येअभावी सभा तहकूब होत असेल, तर उरलेली पाच वर्षे कारभार कोणाच्या मर्जीने चालेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.