आधी अर्ज, मग स्टॉल!

मांडा-टिटवाळ्यातील कारागीर, बचत गट, वर्कशॉपवाले, विज्ञान शिक्षक आणि पालक यांच्यासाठी



गणपतीच्या आधी भरणाऱ्या एखाद्या प्रदर्शनात तासभर उभे राहून बघा. घडीच्या मखराच्या स्टॉलवर एक गिऱ्हाईक येतं. भाव विचारत नाही. मखर उलटं करतं, पुठ्ठ्यात पुठ्ठा अडकतो ती कोपऱ्यातली खाच बोटाने चाचपतं, मोबाइलवर चार फोटो काढतं, "छान केलंय हं" म्हणतं आणि निघून जातं. पुढच्या वर्षी तेच मखर दुसऱ्याच्या दुकानात निम्म्या भावाने विकायला असतं. आपण त्याला चोर म्हणतो. कायदा म्हणत नाही, कारण हक्क नोंदवण्याआधीच आपण वस्तू चारचौघांत मांडलेली असते.

पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. जगासमोर उघड झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, मग उघड करणारा स्वतः तिचा शोधक का असेना! डिझाइनलाही हाच नियम.

"प्रदर्शनासाठी सवलत असते ना?" असते. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ प्रमाणे प्रदर्शन सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत अर्ज करता येतो. डिझाइन कायदा, २००० च्या कलम २१ प्रमाणे वस्तू प्रथम मांडल्यापासून सहा महिन्यांत. तिथे तर डिझाइन नोंदवणाऱ्या कंट्रोलरला आधी नोटीसही द्यावी लागते. पण दोन्हीकडची खरी मेख पुढेच आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून त्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलेलं असलं पाहिजे. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, मैदानातला बचत गटांचा मेळावा, सोसायटीच्या हॉलमधली दिवाळीची विक्री यांना ही सवलत आपोआप मिळत नाही. स्टॉलचं भाडं घेताना हे तुम्हाला कोणी सांगितलं का?

मांडलेली वस्तू चोरली जाण्याची भीती आजची नाही. १८७३ साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरायचं होतं, तेव्हा आपले शोध तिथे चोरीला जातील म्हणून परदेशी कारखानदार यायला कचरले. ऑस्ट्रियाला त्यांच्यासाठी तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पुढे १८८३ च्या पॅरिस करारात प्रदर्शनातल्या वस्तूंसाठी स्वतंत्र कलम आलं. बड्या कारखानदारांनी दीडशे वर्षांपूर्वी अडून बसून मिळवलं, ते आपल्या पोरांना शाळेत साधं सांगितलंही जात नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात निवड करत 'एचएमटी' तांदूळ तयार केला. देशभर खपला. दादाजींच्या वाट्याला सत्कार आले, हलाखी मात्र सुटली नाही. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी वाण काढला तेव्हा वाणावर हक्क सांगायला देशात कायदाच नव्हता, तो २००१ साली झाला. आपल्या हातात कायदा आहे. तो न वापरता स्वतःला लुबाडू देणं मला सहन होत नाही.

खर्चाची भीती घालणाऱ्यांना ऐकू नका. एकट्या व्यक्तीला पेटंटच्या ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे. प्रोव्हिजनल अर्ज करा, तारीख तुमच्या नावावर लागते, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. (पुढे तपासणीची फी वेगळी, तीही धरून चाला.) मात्र स्टॉलवर जे दाखवणार ते सगळं त्या अर्जात उतरलं पाहिजे, राहिलेला भाग उघडाच. मखराची खाच कशी अडकते हा पेटंटचा विषय, मखर दिसतं कसं हा डिझाइनचा. डिझाइनची फी १,००० रुपये, संरक्षण दहा वर्षं, वर पाच वाढवून मिळतात. मूर्तिकारांचं वेगळं: स्वतः घडवलेल्या मूळ मूर्तीवर कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो, पण ती कधी घडवली याचे फोटो तारखेसह जपा.

अर्जाआधी व्यापाऱ्याला दाखवायचंच असेल, तर गुप्ततेच्या लेखी करारावर सही घेऊन, बंद खोलीत दाखवा. आणि शिक्षकांनो, मुलाच्या मॉडेलचा व्हिडिओ कौतुकाने यूट्यूबवर टाकता, तेव्हा त्याचं पेटंट तुम्हीच बुडवत असता. थोडं थांबा.

आता आयोजकांना. प्रवेश अर्जावर ठळक अक्षरांत छापा: "या प्रदर्शनाला पेटंट कायद्याचं कलम ३१ व डिझाइन कायद्याचं कलम २१ लागू आहे / नाही." लागू करून घ्यायचं असेल तर केंद्राकडे वेळेत मागणी करा. विचारल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत, असा फलक प्रत्येक रांगेत लावा. महापालिकेने आणि पंचायत समितीने दर विज्ञान प्रदर्शनाच्या महिनाभर आधी अर्ज भरून देणारं शिबिर घ्यावं, टिटवाळ्यातच घ्यावं. कल्याणचा हेलपाटा नको.

तोवर स्टॉलचा फॉर्म हातात आला की आयोजकांना पहिला प्रश्न अधिसूचनेचा विचारा. उत्तर लेखी मागा. मिळालं नाही, तर अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत नवी वस्तू घरी ठेवा आणि स्टॉलवर जुनाच माल लावा.