बाटलीतले पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसाने काय करावे, याविषयी आमच्या अकोल्यात मतभेद नाहीत. कूलरमध्ये पाणी भरावे, पन्हे प्यावे आणि पारा पंचेचाळिसाच्या खाली उतरेपर्यंत निमूटपणे पडून राहावे. अशा गावातली, आमच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी यंदा ऐन मे महिन्यात प्रयोगशाळेत काम करायला बंगळूरला निघाली, तेव्हा तिचे वडील चिंतेत पडले आणि माझ्याकडे आले.

बाळापूरकडचे कास्तकार, कपाशी आणि तूर. रसायनशास्त्राचे प्राध्यापक सोडून मराठीच्या मास्तराकडे का, तर "तुमचं बोलनं समजते जी!" म्हणून. "सर, पोरगी म्हणते दोन महिने जातो. पैसे बी तेच देतात म्हणे. काऊन देतात?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी चौकशी केली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली बंगळुरात विज्ञान अकादमी स्थापन केली. ती दिल्ली व प्रयागराज येथील दोन अकादम्यांच्या जोडीने देशभरातून विद्यार्थी आणि शिक्षक निवडते व उन्हाळ्यात दोन महिने त्यांना एकेका संशोधकाच्या हाताखाली धाडते. विद्यावेतन मिळते. परीक्षा नाही, गुण नाहीत. (खुद्द रामन एके काळी सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत काही दिवस नागपुरास होते, आणि कचेरी सांभाळून त्यांचे प्रयोग चालूच असत. तेव्हा विदर्भाच्या उन्हात विज्ञान वितळते, असे कोणी म्हणू नये.)

मुलीच्या वाट्याला आले ते 'जैवसंवेदका'चे काम. शब्द बोजड, पण वस्तू आपल्या घरातली आहे. मधुमेही माणूस बोट टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर ठेवतो आणि यंत्र साखरेचा आकडा दाखवते, तो जैवसंवेदकच. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स या दोघा अमेरिकनांनी ही कल्पना मांडली. फक्त ग्लुकोजवरच काम करणारे एन्झाइम विद्युदग्रावर बसवायचे आणि त्या क्रियेमुळे विजेच्या प्रवाहात पडणारा फरक मोजायचा.

हिचे एन्झाइम निराळे होते. आपल्या मज्जातंतूंत निरोप पोचला की तो पुसून टाकणारे एक एन्झाइम असते. कपाशीवर फवारतात त्यांतली काही औषधे नेमके तेच बंद पाडतात. मग तोंडाला फेस येतो, बुबुळे बारीक होतात, श्वास अडकतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वऱ्हाडात कोणी विसरलेले नाही. तेच एन्झाइम विद्युदग्रावर बसवून त्याला त्याचे खाद्य दिले की प्रवाह वाहतो; पाण्यात विष असेल तर तो मंदावतो. सगळीच औषधे या जातीची नसतात, त्यामुळे सगळी काही यात सापडत नाहीत. तरीही हे ऐकल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, "कोन्त्या गाडीनं जाते?"

पहिले तीन आठवडे तिने दुसरे काही केले नाही, विद्युदग्र घासले! काचेसारख्या कार्बनची इवलीशी चकती, ओल्या कापडावर पांढरी बारीक भुकटी, आणि त्यावर आठचा आकडा गिरवीत राहायचे. इंग्रजी आठ हो, आपला नव्हे. आपल्या आठाला दोन टोके सुटलेली असतात, तिथे हात थांबतो आणि चकती एकीकडे जास्त झिजते. मग आलेख काढायचा, तो बिघडला की पुन्हा आठ. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधीच माहीत असते. इथे कोणालाच माहीत नव्हते, हे तिला फार दिवस पचले नाही, असे ती म्हणाली.

जाताना तिने सामानात एक बाटली नेली होती. शेतातल्या विहिरीचे पाणी. माणसे ते पीत नाहीत, पण गुरे पितात. सातव्या आठवड्यात मार्गदर्शकांच्या परवानगीने तिने ते तपासले, आणि प्रवाह धाडकन उतरला. त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी मार्गदर्शकांनी एकच विचारले, "विषच कशावरून?"

आता आमचा पूर्णेकाठचा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. तिने प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात विहिरीइतकेच क्षार मिसळले आणि तेही तपासले. प्रवाह जवळजवळ तितकाच उतरला! खारट पाण्याने एन्झाइम तर मंदावलेच, शिवाय ज्याच्याशी तुलना करून मोजायचे ते चांदीचे विद्युदग्रही ढळले. गोड्या पाण्यावर शहाणे झालेले यंत्र वऱ्हाडच्या पाण्याला फसले होते.

परत आल्यावर वडिलांनी माझ्यासमोरच विचारले, "मंग, इहिरीत जहर हाय का नाही?"

"सांगता येत नाही, बाबा."

"दोन महिने घासून हेच?"

"हाय म्हटलं असतं तर तुम्ही इहीर बुजवली असती. नाही म्हटलं असतं तर बिनघोर राह्यले असते."

ते बराच वेळ गप्प बसले. मला विचाराल तर तिच्या वीस पानी अहवालातही याहून वजनदार वाक्य नसेल. पण बापाच्या जिवाला त्याचा काय आधार? गुरे तर रोज तेच पाणी पितात.

मोठ्या यंत्रावर खारे पाणीही तपासता येते. तशी सोय असलेल्या एका प्रयोगशाळेने दिवाळीनंतर नमुना घेण्याचे कबूल केले आहे. यंदा शेवटच्या फवारणीनंतर आठ दिवसांनी वडिलांनी स्वतः बाटली भरून आणली. वसतिगृहात फ्रीज नाही, म्हणून ती आमच्याकडे आहे, चकलीच्या पिठाच्या आणि लोण्याच्या शेजारी. घरात पाहुणे येणार, तेव्हा तिच्यावर ठळक अक्षरांत 'पिऊ नये' असे लिहिण्याचे काम सौ.ने मराठीच्या प्राध्यापकाकडे सोपवले.