काळ्या पिशवीतला धडा

पुण्याच्या खडकी बाजारात औषधांच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागितलं, की ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं जातं, मग काळ्या पिशवीत जातं. खोकल्याची बाटली मात्र तशीच हातात पडते. शेजारी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा एक धडा तिथेच होऊन जातो.

तरी लोक म्हणतात, ‘लैंगिक शिक्षण म्हणजे विज्ञान. माहिती पुस्तकात आहे, शिकवणाऱ्याच्या मताचा संबंध काय?’ माहिती आहेच. दहावीच्या विज्ञानात प्रजननावर आख्खा धडा आहे. पण फुलाच्या परागीभवनाने फळा भरतो आणि माणसापाशी येताच ‘हे घरी वाचून या’ होतं. मुलं मग पुस्तक नव्हे, थांबलेला खडू वाचतात.

आणि शास्त्र तरी वृत्तीपासून कुठे सुटलं? खडकी ही इंग्रजांची जुनी छावणी. 1864 च्या छावणी कायद्याने गुप्तरोग रोखण्यासाठी छावण्यांतल्या वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. रोग सैनिक आणि वेश्या दोघांना होत होता. दोष मात्र एकटीच्या माथी मारला गेला. वैद्यकाचं ज्ञान होतं, नजर एका डोळ्याची होती.

दुसरा आक्षेप जुनाच: ‘सांगितलं की मुलं बिघडतात.’ याच धास्तीने 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेचा निष्कर्ष उलटा आहे: अशा शिक्षणाने मुलांमधले लैंगिक संबंध वाढत नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुलं बिघडतात हा गैरसमज खोडून काढला.

मग शिक्षकाने मतंच ठेवू नयेत का? तसं नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत लैंगिक विषयांवरचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यांची मतं कडवी होती, पण झाकलेली नव्हती. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये खटला झाला. त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विचारणाऱ्याला लाज वाटू न देणं, ही कर्व्यांची खरी शिकवण.

म्हणून मुलांच्या वर्गाआधी शिक्षकांचा वर्ग भरवावा. अवयवांची नावं तिथे मोठ्याने उच्चारावीत, आपला संकोच आणि आपले पूर्वग्रह ओळखावेत. मत मत म्हणून सांगावं, माहिती माहिती म्हणून. संकोच वाटणं हा गुन्हा नाही. तो मुलांच्या पदरात टाकणं हा आहे. ‘मलाही बोलताना अवघडतंय, पण तुझा प्रश्न चुकीचा नाही,’ एवढं बाईंनी म्हटलं, तरी खडू पुढे सरकेल.