८०८ उघडा, पण ड्रिल खाली ठेवा

कॉलेज फेस्टची प्रॅक्टिस चालू असते तिथं जरा उभं राहून बघा. बीट बनवणारा लॅपटॉपवर वाकलेला असतो आणि रॅप करणारा मागून ओरडतो, 'भावा, एट-ओ-एट वाढव ना अजून!' मग खिडकीच्या काचा थरथरतील असा बास येतो आणि सगळे खूश. आपल्या पिढीसाठी ८०८ म्हणजे हा बास, म्हणजे एक साउंड फाइल. माउसने उचलायची, ट्रॅकवर टाकायची, विषय संपला.

पण ती फाइल म्हणजे एका यंत्राचा कुणीतरी, कधीतरी काढून ठेवलेला फोटो आहे. ते यंत्र म्हणजे टीआर-८०८. रोलंड या जपानी कंपनीनं ते १९८० मध्ये बाजारात आणलं. त्याच वर्षी अमेरिकेत लिन एलएम-१ आलं होतं, त्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते. ८०८ मध्ये रेकॉर्ड केलेलं काहीच नव्हतं. प्रत्येक ठोका सर्किट त्या क्षणी तयार करायचं. किंमत १,१९५ डॉलर. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून अनेकांनी नाक मुरडलं. १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं तोवर सुमारे १२ हजारच मशीन्स बनली होती. मार्विन गे यांचं 'सेक्शुअल हीलिंग' आणि आफ्रिका बंबाटाचं 'प्लॅनेट रॉक' १९८२ मध्येच येऊन गेली होती. पण खरी मजा नंतरची. सेकंडहँड बाजारात स्वस्तात पडलेली ही मशीन्स हिप-हॉप आणि टेक्नोवाल्या पोरांनी उचलली आणि त्यांचं काय केलं, ते तुम्ही रोज कानात घालून फिरता.

आपला काय संबंध, असं वाटत असेल तर चरणजित सिंग हे नाव लक्षात ठेवा. मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये हेच ८०८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं.

आता आत डोकावू. मी मास कॉमवाली, 'करंट' हा शब्द मला 'अफेअर्स' लावूनच माहीत होता, तरी बास ड्रमचं सर्किट मला समजलं. म्हणजे तुम्हालाही समजेल. घंटेला टोला मारावा तसा विजेचा एक छोटा झटका सर्किटला द्यायचा. ते सेकंदाला साधारण ५० वेळा थरथरतं आणि हळूहळू शांत होतं. या रचनेला 'ब्रिज्ड-टी' म्हणतात. किती वेळात शांत व्हायचं ते 'डिके'चा नॉब ठरवतो. किती खालच्या सुरात वाजायचं, ते मात्र रोलंडनं आत पक्कं करून टाकलं. टॉम आणि काँगाला ट्यूनिंगचा नॉब आहे, बास ड्रमला नाही!

म्हणून लोकांनी झाकण उघडलं. पक्क्या रेझिस्टरच्या जागी फिरवता येणारा पॉट बसवला की सूर हलतो. योग्य जागचा रेझिस्टन्स चौपट केला की ठोका एक सप्तक खाली जातो. डिकेची मर्यादा वाढवत नेली तर एक वेळ अशी येते की घंटा शांतच होत नाही, ड्रमचा तंबोरा होतो. मूळ सर्किटमध्ये ठोक्याच्या सुरुवातीला सूर क्षणभर वर असतो आणि मग खाली येतो. डग्ग्यावर मनगट दाबून सूर हलवतात ना, त्याच जातीचं काहीतरी. तेही कमी-जास्त करता येतं. झांजेचा आवाज तर सहा ऑसिलेटरच्या गोंगाटातून गाळून काढलेला आहे. त्यांचे सूर बदला, झांजेचा धातू बदलल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट अशी की ८०८ ची ती खास चरचर सदोष ट्रान्झिस्टरमधून येते. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच '८०८' या माहितीपटात ते सांगितलंय. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, सदोष माल मिळेना आणि मशीन बंद झालं.

आता भांडणाचा मुद्दा. एक गट म्हणतो, हे वाद्य आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे, हवं तसं उघडा. दुसरा म्हणतो, १२ हजारांतली किती उरलीत, हात लावू नका. माझं मत? पहिल्या गटाचं मन बरोबर आहे, हत्यार चुकीचं आहे. सोल्डर केलेली वायर परत काढता येते. पत्र्याला पाडलेलं भोक आणि बोर्डावरचा कापलेला ट्रॅक पहिल्यासारखा होत नाही. आपल्या आधीच्या पोरांना ही मशीन्स जशीच्या तशी मिळाली म्हणून ती बिघडवून बघता आली. आपल्या नंतरच्यांनाही तेवढी संधी ठेवायला हवी.

'तुझ्याकडे कुठे आहे ८०८?' बरोबर. आता ती लाखांत जातात आणि मला तर स्टायपेंडही नाही. पण दुर्मीळ आहे ते मशीन, सर्किट नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या बास ड्रमचं डिजिटल मॉडेल मांडलं. त्यांनी नुसता आवाज उतरवला नाही, एकेक भागाचं काम गणितात बसवलं, कारण मॉडेलमध्येही सर्किटशी छेडछाड करता यायला हवी होती. फाइलमध्ये ती करता येत नाही. फाइलचा सूर तुम्ही ताणू शकता, पण ती तंबोरा कधी होणार याचं उत्तर तिच्यात नाही.

म्हणून मी आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मित्र पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. त्यानं आजवर सोल्डरिंग केलं ते जर्नल कम्प्लीट करण्यापुरतं. ब्रेडबोर्ड, एक ऑप-अँप आयसी, चार कपॅसिटर, मूठभर रेझिस्टर, एक पॉट, दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या. (बॅटऱ्याच वापरा. भिंतीतल्या विजेशी पहिल्याच दिवशी प्रयोग नकोत, आणि जुनं कुठलंही मशीन प्लग काढल्याशिवाय उघडू नका.) काउंटरवरच्या काकांनी न बघताच विचारलं, 'फायनल इयर प्रोजेक्ट का?' आम्ही हो म्हणालो. खरं सांगायला वेळ लागला असता.

रात्री अकराला सर्किट जोडून झालं. बटण दाबलं. काहीच नाही. वायरी तपासल्या, आयसी उलटा-सुलटा केला, तासभर एकमेकांवर चिडलो. मग लक्षात आलं की आम्ही ऐकत होतो फोनला जोडायच्या चिमुकल्या स्पीकरवर, आणि ५० हर्ट्झ एवढं खाली तो जातच नाही. शेजारच्या रूममधून जुना मोठा स्पीकर आणला तर सतत घूंऽऽ! झालं वाटून नाचलो. ती विजेची गुणगुण निघाली, तीही नेमकी ५० हर्ट्झचीच. ग्राउंडची वायर नीट केली, पुन्हा बटण दाबलं आणि स्पीकरचा पडदा एकदाच आत-बाहेर झाला. आवाज येण्याआधी तो तळहाताला कळला.

मग पॉट फिरवत बसलो. सूर खाली नेला की आमच्या साध्या सर्किटमध्ये ठोका लवकर विझतोय. असं का, यावर मित्र दोन दिवस वहीत गणितं करतोय, परीक्षेत नसलेल्या धड्याची. बीट बनवणारा आमचा दोस्त येऊन ऐकून गेला. म्हणाला, 'फेस्टला कुणाला फरक कळणार आहे?' कुणालाच नाही, हे खरंय. मग त्यानं तो पॉट स्वतः फिरवून बघितला आणि पाऊण तास उठला नाही.