बेल्ट कमरेला, करार गळ्यात

स्क्रोल करता करता फ्रान्सिस एन्गानूचा एखादा नॉकआउट तुमच्याही समोर आला असेल. सहा फूट चार इंच उंचीचा हा गडी एक ठोसा लगावतो आणि समोरचा आडवा! रील तिथेच संपतं. पण त्याची सगळ्यात मोठी लढत पिंजऱ्यात झालीच नाही. ती झाली कागदावर.

एन्गानू मूळचा कॅमेरूनचा. शाळकरी वयात वाळूच्या खाणीत फावडं मारायचा. 2012 मध्ये त्याने घर सोडलं. सहारा वाळवंट, मोरोक्को, स्पेन असं करत वर्षभराहून जास्त काळाने तो युरोपात पोहोचला, तिथे आधी कोठडीत राहिला. पॅरिसमध्ये झोपायला जागा होती ती एका पार्किंगमध्ये. व्हायचं होतं बॉक्सर, पण तिथल्या जिममध्ये त्याला एमएमएची वाट दाखवली गेली. एमएमए म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, किक, जुजित्सू सगळं एकत्र. 2015 मध्ये तो यूएफसी या सगळ्यात बड्या कंपनीत आला आणि मार्च 2021 मध्ये स्टिपे मिओचिचला हरवून हेवीवेट चॅम्पियन झाला.

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. आता हिशेबाची वही उघडूया.

यूएफसीतला फायटर कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. म्हणजे महिन्याचा पगार नाही. लढलात तर पैसे. नव्या फायटरच्या करारात बहुतेक वेळा उतरल्याबद्दल एक रक्कम आणि जिंकलात तर तेवढीच आणखी. कोच, मॅनेजर, खाणंपिणं यांचा खर्च त्यातूनच. बरं, स्वतंत्र आहे म्हणून दुसरीकडे जाऊन लढेन म्हणाल, तर तेही नाही. आणि गंमत पुढेच आहे. चॅम्पियन झालात की करार आपोआप लांबतो. जिंकाल तितके जास्त अडकाल!

जानेवारी 2022 मध्ये एन्गानू दुखऱ्या गुडघ्याने सिरिल गानशी लढला आणि जिंकला. जाहीर झालेलं मानधन होतं सहा लाख डॉलर. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण त्याच वजनगटातले बॉक्सिंगचे चॅम्पियन एका लढतीत कोटींत डॉलर कमावतात. एन्गानूने फायटर्ससाठी आरोग्य विमा मागितला, स्वतःचे स्पॉन्सर आणायची मुभा मागितली, कंपनीच्या बैठकीत फायटर्सची बाजू मांडणारा कुणीतरी हवा म्हणाला. नकार मिळाला. मग त्याने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि कराराची मुदत संपायची वाट पाहिली. जानेवारी 2023 मध्ये तो बेल्ट सोडून बाहेर पडला.

‘येडाय का हा?’ असंच अनेकांना वाटलं. पण त्याच वर्षी त्याने पीएफएल या दुसऱ्या कंपनीशी करार केला. त्यात एक अट अशी की, त्याच्यासमोर जो उतरेल त्यालाही किमान 20 लाख डॉलर मिळायला हवेत. ऑक्टोबरमध्ये तो रियाधला टायसन फ्युरीशी बॉक्सिंग लढला. तिसऱ्या राउंडमध्ये फ्युरीला त्याने खाली पाडलं. शेवटी गुणांवर हरला, पण मोबदला मिळाला बॉक्सिंगच्या भावाने.

म्हणजे सगळ्यांनी असंच करावं? नाही जमणार. एन्गानूकडे नाव होतं, थांबायची ताकद होती. आणि धोका त्यालाही चुकला नाही. मार्च 2024 मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. खालच्या फळीतला फायटर वर्षभर घरी बसला तर भाडं कोण भरणार? त्यामुळे एकट्याच्या धाडसाने चित्र बदलत नाही, नियम लागतात. अमेरिकेत बॉक्सर्सच्या संरक्षणासाठी 2000 सालापासून मोहम्मद अलींच्या नावाचा कायदा आहे, एमएमएचे फायटर मात्र त्याच्या बाहेर राहिले. 2010 ते 2017 दरम्यान लढलेल्या फायटर्सना वर्षानुवर्षं कोर्टात झगडल्यावर 37.5 कोटी डॉलरची तडजोड मिळाली. तिला अंतिम मंजुरी मिळायला 2025 उजाडलं.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? जून 2024 मध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिला बघून आपल्याकडचीही पोरं-पोरी हातात ग्लोव्ह्ज चढवणार, चढवायलाच हवेत. पण ‘स्वतंत्र’ म्हणायचं आणि बांधून ठेवायचं, हा खेळ फक्त पिंजऱ्यात चालत नाही. रात्री तुमचं पार्सल आणणाऱ्या मुलालाही कंपनी ‘पार्टनर’च म्हणते. उद्या तुमच्यासमोर करार येईल, कदाचित खेळाचा, कदाचित पहिल्या गिगचा. सही करायच्या आधी तीनच प्रश्न विचारा. दुखापत झाली तर खर्च कोणाचा? मला दुसरीकडे काम करता येईल का? आणि बाहेर पडायचं झालं, तर दार कुठे आहे?

उत्तर तोंडी मिळालं, तर ते कागदावर लिहून मागा.